स्वयंपाकघरातला मेणबत्ती कारखाना

२ तारीख, सोमवार

आजपासून रोजच्या रोज लिहायचं ठरवलं आहे. निदान मनातली वाफ तरी कुठेतरी निघेल. मुलांवर काढली की ती माझ्याकडे बघतात, आणि त्यांच्या बाबांवर काढली की ते हसतात.

काल उपासनेनंतर नणंदबाई घरी आल्या. त्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत आणि आमच्याकडे आल्या तरी मुख्याध्यापिकाच असतात. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी भिंतीवरचा फळा पाहिला, फळ्याखालचा धुवायच्या कपड्यांचा ढीग पाहिला आणि मग मला पाहिलं. म्हणाल्या, "दोन्ही मुलांसाठी माझ्या शाळेत जागा ठेवली आहे. महिनाअखेरीपर्यंत काय ते सांगा. नंतर माझ्या हातात राहणार नाही."

मला वाटलं, हे नेहमीसारखी वेळ मारून नेतील. तर हे म्हणाले, "विचार करतो, ताई."

ताईंची पाठ वळल्यावर मी विचारलं, विचार कसला? मुलांना देवाच्या भयात, आपल्या नजरेसमोर, घरीच शिकवायचं हे आपण दोघांनी गुडघे टेकून ठरवलं होतं ना? हे इस्पितळात परिचारक आहेत. समोरचा कितीही तापला तरी यांचा आवाज चढत नाही, आणि त्याचाच मला जास्त ताप होतो. म्हणाले, "अभ्यासाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हातालाही काहीतरी शिकवीन, घरातच छोटासा उद्योग काढीन, असं तू म्हणाली होतीस. ते राहिलंच. असं करू. आपल्या नात्यातला नाही, प्रार्थनेच्या मंडळीतला नाही, असा एक जरी माणूस आपल्या मुलांच्या हातचं काम मागायला आपण होऊन दाराशी आला, तरी मी ताईला नाही म्हणून कळवीन."

एक माणूस. मी म्हटलं, एक कशाला, रांग लावून दाखवते.

मेणबत्त्या करायच्या. महिला मंडळात एका दुपारी शिकवल्या होत्या, अगदी सोप्या आहेत.

४ तारीख, बुधवार

सोप्या आहेत असं ज्या बाईने सांगितलं तिला मुलं नसावीत.

नवं वेळापत्रक फळ्यावर लिहिलं. प्रार्थना, शास्त्रपाठ, गणित, आणि मग उद्योग. थोरलीकडे वाती सरळ धरायचं काम. ती चौदा वर्षांची आहे, तिला जमायला हरकत नाही. धाकट्या भोपूकडे साच्यांना आतून तेलाचा हात लावायचं काम. (याचं नाव सुरेख आहे, पण आवाजामुळे सगळ्यांच्या तोंडी भोपूच बसलं.) त्याने साच्यांना तेल लावलं, दाराच्या कडीला लावलं, गणिताच्या पुस्तकाला लावलं आणि उरलेलं स्वतःच्या केसांना.

पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून मेण वितळवलं. ओतायला घेतलं आणि दाराची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरचे टपालवाले काका. हातात त्यांची कामावरची पिशवी. "थोरली आहे का घरात?"

मी म्हटलं, तिचा अभ्यास चाललाय. तर काका गेले नाहीत. पिशवी छातीशी धरून जिन्यातच उभे राहिले. शेवटी थोरली उठून बाहेर गेली. ती येईपर्यंत पातेल्यावर मेणाची साय धरली. काय करत होतीस म्हणून विचारलं तर म्हणे, "पिशवीच्या चेनचा रनर, वरखाली सरकतो ना, तो सैल झाला होता, दाबून दिला."

मेणबत्त्या साच्यातून काढल्या तर प्रत्येकीच्या मध्यभागी खड्डा. किडलेल्या दाढांची रांग ठेवल्यासारखं दिसत होतं. थोरली म्हणाली, मेण थंड होताना आकसतं, म्हणून थोडं बाजूला ठेवायचं आणि नंतर वरून पुन्हा ओतायचं. तुला कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, मेणाच्या पाकिटावर लिहिलंय.

पाकीट वाचायला मला वेळ कुठे होता?

६ तारीख, शुक्रवार

मोरी तुंबली. मेणाचं पातेलं कढत पाण्याने विसळलं की मेण वाहून जातं, असं मला वाटलं होतं. ते वाहून गेलं, पण फार लांब नाही.

नळवाल्याला बोलावलं. त्याने खालचा पाइप सोडवून आतून वीतभर लांबीची मेणाची पांढरी कांडी ओढून काढली, उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "बाई, ही मेणबत्ती मात्र सरळ आलीय हो."

हात पुसता पुसता विचारतो, "ती चेन दुरुस्त करणारी मुलगी याच इमारतीत राहते ना? टपालवाले म्हणाले." मी म्हटलं, असलं इथे काही नाही, हे घर आहे. तेवढ्यात आतून थोरली आली आणि त्याने आपली हत्यारांची पिशवी सरळ तिच्या हातात दिली. तेलकट, काळी पिशवी माझ्या अभ्यासाच्या टेबलावर. टेबल मला तीनदा पुसावं लागलं.

हा चेनचा नाद तिला बाबांच्या बॅगेपासून लागला. बॅगेची चेन उघडी पडायची, हिने पक्कड घेऊन रनरच्या दोन्ही बाजू जराशा दाबल्या आणि ती बंद झाली. झालं, तेव्हापासून जो येतो तो पिशवी घेऊन येतो. वर्गात शिकवायला लागलं की घंटा, मेण ओतायला लागलं की घंटा. मुलीला नाही म्हणता येत नाही, हा तिचा स्वभावच आहे. त्यावर काम केलं पाहिजे.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. नळवाल्याचं ऐकून हे खूप हसले. मी विचारलं, मोरी तुंबली यात हसण्यासारखं काय आहे? तर म्हणाले, "मोरीला नाही हसलो." मग कशाला हसले ते सांगितलं नाही.

९ तारीख, सोमवार

मेणबत्त्यांचे तुकडे गायब होत होते. मला भोपूचा संशय होता, कारण तो काहीही तोंडात घालतो. निघाले थोरलीच्या पत्र्याच्या डब्यात. डब्यात काय काय होतं: जुने रनर, सुया, जाड दोरा, माझी हरवलेली बारीक कात्री, तिच्या बाबांची पक्कड आणि आमच्या कारखान्याचा माल.

"चेनच्या दातांवर मेण घासलं की रनर लोण्यासारखा फिरतो," ती म्हणाली.

मी म्हटलं, मेणबत्ती उजेड देण्यासाठी असते.

"आपली अजून देत नाही," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, साधं सांगावं तसं. आमच्या मेणबत्त्या तीन बोटं जळून विझतात हे खरं आहे. पण खरं असलं म्हणून काय आईला सांगायचं?

शिक्षा म्हणून आज्ञाधारकपणावर निबंध लिहायला सांगितला. तिने तो लिहिला, वेळेत, सुंदर अक्षरात. एकही चूक सापडली नाही. मला चूक हवी होती.

१३ तारीख, शुक्रवार

देव दयाळू आहे. आज पाळकबाई स्वतः आल्या. आमचे म्हातारे पाळकसाहेब निवृत्त होतात. त्यांच्या निरोपाची उपासना बावीस तारखेला संध्याकाळी आहे. शेवटचं गीत दिवे मालवून, प्रत्येकाने हातात मेणबत्ती धरून म्हणायचं, असं ठरलं आहे. "तुम्ही घरी करता असं ऐकलं. सगळ्या मंडळीपुरत्या द्याल का?"

मंडळीतलं माणूस यांच्या अटीत बसत नाही, ते मला कळतं. पण त्या दिवशी पाळकसाहेबांना ओळखणारा अर्धा गाव येईल. मेणबत्त्या पाहतील, विचारतील कुठून आणल्या. दुसऱ्या दिवशी दाराशी रांग.

नुसत्या पांढऱ्या नको, रंगीत करूया. विकतचा रंग कशाला, भोपूचे मेणखडू आहेत की. मेणच ते, मेणात विरघळणार.

थोरली म्हणाली, "आई, खडूतला रंग विरघळत नाही. त्याची बारीक पूड असते, ती वातीत अडकेल. आधी एक करून, पेटवून, शेवटपर्यंत जळू देऊया."

मी म्हटलं, प्रत्येक गोष्टीला तुझं काहीतरी असतंच. एक मेणबत्ती जळताना बघत बसायला आपल्याकडे दुपार मोकळी आहे का?

निळ्या आणि लाल छान आल्या आहेत. खड्डे नाहीत. (वरून पुन्हा ओतलं.) भोपू खडूंसाठी रडला. त्याला सांगितलं, तुझे रंग देवाच्या घरात उजळणार आहेत. तो म्हणाला, मला ते डब्यात हवे होते.

१७ तारीख, मंगळवार

अशी घंटा वाजत राहिली तर मला एक दिवस वेड लागेल. आज एक उंच मुलगा खोगीराएवढी प्रवासाची पिशवी घेऊन, मग शाळेच्या बसची मदतनीस दप्तर घेऊन, मग कुणी एक आजोबा, म्हणे विजारीची चेन बिघडलीय. मला वाटलं अंगातलीच, म्हणून सांगितलं की घरी जाऊन दुसरी घालून या आणि मग बोला. नंतर कळलं की विजार हातातच होती, दुरुस्तीची. ते तसे बिचारे नीट कपड्यांत होते.

थोरलीला बजावलं. बावीस तारखेपर्यंत चेन बंद. ती म्हणाली, "लोकांना काय सांगू?" मी म्हटलं, सांग की आम्ही महत्त्वाच्या कामात आहोत.

२२ तारीख, रविवार

लिहायचंच आहे तर पटकन लिहून टाकते.

प्रार्थनामंदिर गच्च भरलं होतं. बाहेर पायऱ्यांवरही माणसं. नणंदबाई पुढच्या बाकावर. दारात भोपू आणि थोरली येणाऱ्याच्या हातात एकेक मेणबत्ती देत होते आणि मी बाजूला उभी राहून, खरं सांगते, फुलले होते. गर्व वाईट हे मुलांना मीच शिकवते.

दिवे मालवले. पुढच्या बाकावरून मागे एकेकाची वात दुसऱ्याच्या वातीला लावत उजेड सरकत आला. निळ्या, लाल मेणावर ज्योती. सगळे उभे राहिले. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला पुढच्या बाकावरची एक फडफडली आणि गेली. मग तिच्या शेजारची. ज्या वाटेने उजेड आला होता त्याच वाटेने अंधार सरकत मागे यायला लागला. लोक एकमेकांकडून पुन्हा पेटवून घ्यायचे, ती तडतडायची, धूर सोडायची आणि विझायची. कुणीतरी खोकलं. भोपू त्याच्या भोपूच्या आवाजात म्हणाला, "आई, माझे खडू मेले."

शेवटी काळोख आणि धुराचा वास. पेटी वाजवणारा थांबला.

तेव्हा पाळकसाहेबांचा आवाज आला. अगदी शांत. "गीत तर पाठ आहे ना सगळ्यांना? मग दिव्याचं काय अडलंय." आणि त्यांनी स्वतःच पुढचं कडवं उचललं. सगळ्यांनी अंधारात ते शेवटपर्यंत म्हटलं. बाहेर पडताना काही जण म्हणाले की इतकं मनापासून गायलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. लोक किती चांगले असतात. मला त्यांचा राग आला.

नणंदबाई बाकावरून उठून आल्या. नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोरली घरी येईपर्यंत माझा हात धरून चालली. "मी सांगितलं होतं" हे तिने म्हटलं नाही. मी वाट पाहत होते.

२३ तारीख, सोमवार

कपडे धुतले. शिकवलं नाही.

२५ तारीख, बुधवार

आज जे झालं ते मला अजून नीट लावता येत नाही.

दुपारी भागाकार चालला होता. घंटा वाजली. दारात एक बाई, पलीकडच्या गल्लीतली असावी, मी ओळखत नव्हते. अंगात पुरुषाचं जाडजूड जॅकेट, बाह्या दुमडलेल्या, पुढून दोन्ही हातांनी गच्च धरलेलं. म्हणाली, "चेन करणारी मुलगी इथेच ना?"

माझं डोकं रविवारपासून ठणकतंय. मी म्हटलं, "बाई, हे दुकान नाही. इथे मुलं शिकतात." ती म्हणाली, "बरं," आणि वळली. दार लावलं.

थोरलीने विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, कुणी नाही, चेनवाली. जॅकेट घालून आली होती.

ती उभी राहिली. "त्या येणार होत्या. काकांनी मला सांगितलं होतं. त्यांचा नवरा बस चालवायचा, तो मागच्या महिन्यात गेला. त्याचं जॅकेट आहे ते. शिंप्याने सांगितलं पूर्ण चेन बदलावी लागेल, पण त्यांना त्याचीच हवीय. आई, तू त्यांना परत पाठवलंस?"

मी म्हटलं, मला काय माहीत, कपाळावर लिहिलंय का कुणाच्या?

तिचा आवाज चढला नाही. आवाजाच्या बाबतीत ती बापावर गेली आहे. म्हणाली, "तू रोज सकाळी प्रार्थनेत म्हणतेस, प्रभू, आमच्या दाराशी कुणाला तरी पाठव. तो पाठवतो. तू हाकलतेस."

आणि चप्पल घालून जिना उतरून गेली. वर्ग चालू असताना. न विचारता.

भोपू म्हणाला, "आता तिला निबंध?"

मी त्याला गप्प बस म्हटलं. भागाकार तसाच राहिला. बसून हिशेब केला. टपालवाले काका शेजारी आहेत, शेजारी मोजायचे की नाही? नळवाल्याला मीच बोलावलं होतं, पण पिशवी तर त्याने आपण होऊन दिली. उंच मुलगा, बसची मदतनीस, आजोबा. हे कुणीच आमच्या नात्यातले नाहीत. मंडळीत तर मी यांना कधी पाहिलेलं नाही. पण ते मेणबत्त्यांसाठी कुठे आले होते?

हा हिशेब मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा उठून पाणी प्यायले.

२६ तारीख, गुरुवार

काल ती बाईला घेऊनच परत आली. बाई आत यायला तयार नव्हती. मीच म्हटलं, या, बसा. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

जॅकेट टेबलावर पसरलं. रनर पार झिजला होता, दात धरतच नव्हता. त्याला ओढायला मूळची पट्टी नव्हती, तांब्याच्या तारेची एक कडी वळवून लावलेली होती. बाईने त्या कडीवर बोट ठेवलं. "ही त्यांनी केलीय. हिला काही करू नको."

"नाही करणार," थोरली म्हणाली. "फक्त रनर दुसरा घालते. कडी तीच लावते. दात सगळे तुमचेच राहतील."

मला म्हणाली, "आई, कापड ताणून धर." मी धरलं. "इतकं नाही." मी सैल केलं. तिने चेनच्या वरच्या टोकाचा चिमटा पकडीने उचकटला, जुना रनर सरकवून काढला, डब्यातले चार रनर लावून पाहिले, पाचवा बसला. तारेची कडी उघडताना ती श्वाससुद्धा घेत नव्हती. कडी मोडली असती तर? मी मनात प्रार्थना करत होते, आणि रविवारी मेणबत्त्यांसाठी केली होती त्यापेक्षा जास्त कळकळीने. मग वरच्या टोकाला जाड दोऱ्याचे घट्ट टाके, रनर निसटू नये म्हणून. मग लाल मेणाचा तुकडा घेऊन दातांवरून खालीवर, खालीवर.

बाईने जॅकेट अंगात घातलं. चेन गळ्यापर्यंत वर ओढली, खाली आणली, पुन्हा वर नेली. मग तशीच गळ्यापर्यंत बंद करून खुर्चीत बसून राहिली. भोपूचाही आवाज निघाला नाही, आणि हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

जाताना ती थोरलीला म्हणाली, "कुठल्या शाळेत शिकलीस गं हे?"

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "घरी."

मी आत जाऊन उगाच एक पातेलं घासलं.

३० तारीख, सोमवार

यांनी सकाळी ताईंना फोन केला. मुलं घरीच शिकतील म्हणून सांगितलं. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं, हे "हो ताई, हो ताई" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "पाठव की. बघेल ती." फोन ठेवल्यावर कळलं, ताईंच्या शाळेत दप्तरांच्या चेन मोडलेली पोरं वर्गागणिक आहेत आणि एक गाठोडं इकडे येतंय. मुख्याध्यापिका कुठली संधी सोडतील तर शपथ.

मी यांना म्हटलं, बघा, तुमची अट पुरी झाली. पहिलं परकं माणूस आपण होऊन दाराशी आलं.

"पहिलं?" हे म्हणाले, आणि डबा घेऊन कामाला गेले.

मेणाचं पातेलं माळ्यावर टाकलं. फळ्यावर नवं वेळापत्रक लिहिलं, उद्योगाची वेळ दुपारी, घंटा वाजेल तेव्हा. शेवटी घरात उद्योग काढायची कल्पना माझीच होती, ते कुणी विसरू नये. पण गाठोडं एकटीने उरकणारं नाही, म्हणून मलाही टाके शिकायला बसावं लागलं. शिवण मला येतं, चांगलं येतं, महिला मंडळाचे पडदे मी शिवलेत. तरी थोरलीने माझा पहिला टाका रनर ओढून पाहिला, आणि रनर टाक्यावरून निसटून हातात आला. तिने दोरा कापला, सुई पुन्हा ओवून माझ्यापुढे ठेवली.

"घाई केलीस," म्हणाली. "परत घाल."

मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं आणि परत घातला.